बोगद्यातली माणसं

सातवी प्रत बाहेर आली आणि भाऊने झेरॉक्सचं मशीन थांबवलं.

उद्या सकाळी रुळांखालच्या बोगद्यातल्या भित्तिचित्रांच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता. त्याच्या पत्रकाचा मूळ कागद छोटीने, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीने, त्याच्याच दुकानात ठेवला होता. चाळीस प्रती हव्या होत्या. पत्रकाच्या खालच्या भागात बोगदा रंगवणाऱ्या सगळ्यांचा फोटो होता. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा माणूस हातात ब्रश धरून उभा होता. भाऊने कागद डोळ्यांजवळ नेला. अठरा वर्षांत तो माणूस अंगाने सुटला होता, केस मागे हटले होते, पण डाव्या भुवईतली खाच तशीच होती. ती भाऊनेच पाडली होती, रंगाच्या डब्याच्या काठाने. उजव्या हाताने केलेलं ते त्याचं शेवटचं धड काम.

त्याने मशीन परत सुरू केलं. उरलेल्या तेहतीस वेळा तो चेहरा गरम गरम बाहेर आला. भाऊने गठ्ठा सरळ करून बाजूला ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि टाइप करायला बसला. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करणं हेच त्याचं काम. डाव्या हाताची बोटं भराभर चालायची, उजव्याचं एकच बोट मदतीला यायचं. आज पहिल्यांदाच तो स्वतःचा अर्ज लिहीत होता. सहा ओळींत संपला.

घरी पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. उद्याच्या कार्यक्रमासाठी म्हणून सगळे वडिलांच्या, आप्पांच्या खोलीत जमले होते. ही खोली म्हणजे आप्पांचा जुना कारखाना. भिंतीला अर्धवट पाट्या टेकवलेल्या, फळीवर डबे, बरणीत ब्रश. पन्नास वर्षं आप्पांनी इथे बसून अर्ध्या शहराच्या पाट्या रंगवल्या. आता मोतीबिंदूच्या दोन शस्त्रक्रिया होऊनही त्यांना हाताच्या अंतरापलीकडचं धूसर दिसायचं.

"आलास?" आई म्हणाली. "हात धू, वाढते."

"नको. आधी हे वाच," भाऊने अर्ज छोटीच्या हातात दिला.

छोटीने वाचला. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि मुलांची चित्रं बघताना व्हायचा तसाच तिचा चेहरा झाला, आधी उत्सुक आणि मग काळजीत. तिने कागद दादाकडे दिला.

दादा सगळ्यांत थोरला, नगरपालिकेच्या रस्ते खात्यात. वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला. "हरकत घेतोयस? आज?"

"पाच वाजेपर्यंत मुदत आहे ना? तूच सांगितलं होतंस."

"अरे, एक जरी लेखी हरकत आली तरी उद्याचं थांबतं. फाइल परत वर जाते. आणि वर गेली की ते बोगदा बुजवायचंच बघतील. दोन वर्षांपूर्वी विटा येऊन पडल्या होत्या तिथे, आठवतंय ना?"

"म्हणूनच देतोय."

"पण का?" छोटीने विचारलं.

भाऊने पत्रक तिच्यासमोर धरलं आणि त्या माणसाच्या छातीवर बोट टेकवलं. "हा कोण?"

"हा फरशीवाला. पलीकडचा. खालच्या सगळ्या फरश्या त्यानेच बसवल्यात. अक्षरंही तोच…"

"सळई ह्याच्या हातात होती."

आईने हातातली वाटी हळूच खाली ठेवली.

त्या सळईची गोष्ट या घरात कुणी काढत नसे, पण विसरलंही कुणी नव्हतं. रुळांच्या अलीकडची वस्ती आणि पलीकडची वस्ती यांच्यात पाण्याच्या लाइनीवरून जुंपली होती ते वर्ष. भाऊ तेव्हा बावीसचा. आप्पांच्या हाताखाली असा तयार झालेला की लोक म्हणत, लेकाची ओळ बापापेक्षा सरळ. पलीकडच्या एका दुकानाची पाटी रंगवून तो भरदुपारी बोगद्यातून परत येत होता. चौघे आडवे आले. तिघे पुढे सापडले, त्यांना शिक्षाही झाली. सळईवाला चौथा शहर सोडून गेला. उजव्या मनगटाची तीन हाडं मोडली, आणि त्यानंतर अलीकडच्या कुणीही पलीकडे जायला बोगदा वापरला नाही. दोन बस बदलून, उड्डाणपुलाला वळसा घालून लोक जायचे. बोगद्यात पाणी साचायचं, दिवे फुटलेले असायचे आणि वास तर दुरूनच यायचा. दोन वर्षांपूर्वी तो बुजवायचं ठरलं तेव्हा छोटीने दोन्हीकडची माणसं जमवून तो रंगवायला घेतला.

"मला माहीत नव्हतं," छोटी म्हणाली. "भाऊ, तुझी शपथ, मला खरंच माहीत नव्हतं."

"मग आता झालं ना माहीत?" आई म्हणाली. "काढून टाक त्याला. त्याने लिहिलेलं पुसून टाक सगळं. सहा महिने मी ह्याला घास भरवलाय. त्या माणसाचं नाव माझ्या घरात नको."

दादाने संधी साधली. घरातही तो खात्यातल्यासारखाच बोलायचा. "बघ छोटी, मार्ग निघतो. त्याचा मजकूर रद्द करायचा, आज संध्याकाळपर्यंत एक हात पांढरा मारायचा. भाऊ अर्ज मागे घेईल. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. काय भाऊ?"

भाऊ छोटीकडे बघत होता. तिने मान खाली घातली होती आणि ती कबूल होण्याच्या बेतात होती, हे त्याला कळत होतं. त्याला बरं वाटायला हवं होतं.

"पुसायचं नाही," आप्पा म्हणाले.

ते खिडकीशी बसले होते. इतका वेळ ते ऐकतायत की नाही याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आप्पा, तुम्हाला कळलं का तो कोण आहे ते?" दादाने विचारलं.

"मला दोन वर्षं माहीत आहे."

आई गर्रकन वळली. "काय माहीत आहे?"

"तो कोण आहे ते. त्यानेच सांगितलं. अक्षरं मीच शिकवली त्याला." आप्पा सावकाश बोलत होते, पण थांबत नव्हते. "फरश्या बसवायला आला होता. मी तिथे पहिली ओळ आखत होतो. मला ओळखलंन. तिसऱ्या दिवशी समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या मुलाचा हात मी मोडला. मी त्याला हाकलला. रंगाचा डबा फेकून मारला. दुसऱ्या दिवशी परत आला, फरश्या बसवल्या, संध्याकाळी जाताना माझ्यासमोर दहा मिनिटं उभा राहिला. तोंडातून शब्द नाही. असे अकरा दिवस."

"आणि बाराव्या दिवशी तुम्हाला पाझर फुटला," भाऊ म्हणाला.

"बाराव्या दिवशी मला दोरी धरायला माणूस हवा होता. ओळ मारायला दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. ते काही मी तुला शिकवायला नको."

"म्हणून त्याला दिलीत? तीच दोरी?"

"तुला किती वेळा हाक मारली रे?" आप्पांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभरात हात ऐंशी टक्के येईल. तू ब्रश हातात घेतला नाहीस. मी रोज बरणीत ब्रश धुऊन ठेवत होतो. एक वर्ष, दोन वर्षं. नंतर तू ते मशीन आणलंस. अक्षरं काय, कोणीही दाबली की उमटतात, म्हणालास. ह्याच खोलीत म्हणालास."

"ऐंशी टक्के हाताने पाट्या रंगवतात का आप्पा? तुम्ही रंगवली असतीत? थरथरती ओळ तुम्ही गिऱ्हाइकाला दिली असतीत?"

हे खरं होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. या घरात थरथरती ओळ कधी चालली नव्हती.

आई उठली आणि आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. "दोन वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात. एक शब्द नाही बोललात."

"बोललो असतो तर तू जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"मग."

दादाने अर्जाची घडी घातली. त्याचा चेहरा उतरला होता. आपल्याच घरातली एवढी मोठी गोष्ट आपल्याला डावलून पुढे गेली हे त्याला लागलं होतं. "मी आता यात नाही," तो म्हणाला आणि कागद भाऊपुढे धरला. "द्यायचा तर दे. मी अडवणार नाही. पण माझ्या हाताने नेणार नाही."

भाऊने तो खिशात घातला. तेवढ्यात दारातून त्याची बायको म्हणाली, "देऊ नका."

ती दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत, खांद्याला पिशवी अडकवून उभी होती. ती परिचारिका होती, तिची पाळी तीनला सुरू व्हायची आणि दवाखाना पलीकडे होता. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे.

"तू यात पडू नकोस," भाऊ म्हणाला.

"पडलेलीच आहे. तुम्ही मला विचारलंत एकदा, हल्ली निघायला उशीर का होतो आणि यायला लवकर कसं होतं? मी म्हटलं, बस वाढल्यात. बस नाही वाढल्या. मी बोगद्यातून जाते. दीड वर्ष झालं."

भाऊने तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"येता-जाता दीड तास वाचतो माझा," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, ती माझी चूक. पण एक ऐका. आधी पलीकडची बाई दवाखान्यात आली की मी कुठली हे ऐकून सुई टोचून घ्यायला कचरायची. आता त्याच बायका मला चित्रासाठी भिंतीला उभं करून माझ्याभोवती खडू फिरवतात, हसवतात, हलू नका म्हणून दटावतात. शनिवारी दोन्हीकडच्या बायका तिथे गाण्याचा सराव करतात, आवाज चांगला घुमतो म्हणून. गर्दी असते म्हणून दिवे बदलतात, दिवे असतात म्हणून मी जाऊ शकते. ते बुजवलं तर मी परत दोन बस बदलेन, मला सवय आहे. पण मग तुम्ही कशाची हरकत घेतलीत, एवढं मला नीट सांगा."

"त्या माणसाची."

"मग त्याला सांगा. पालिकेला काय सांगताय?"

आणि ती निघाली. उशीर झाला होता.

त्यानंतर घरात जे झालं ते भांडण नव्हतं. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने आप्पांचं ताट वाढलं नाही. छोटी तिच्यामागे गेली आणि रडत परत आली. दादा दोनदा चप्पल घालून दोनदा परत बसला. भाऊ पाट्यांना टेकून उभा राहिला. बायकोचं बोलणं त्याच्या डोक्यात फिरत होतं आणि प्रत्येक फेरीला त्याचा राग थोडा वेगळ्याच माणसावर जात होता. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाल्यावर तो निघाला.

पालिकेचं कार्यालय पलीकडे होतं. उड्डाणपुलावरून गेलं तर सव्वा तास. बसथांब्यावर उभं राहिल्यावर त्याला हा हिशेब कळला आणि तो तिथेच दोन मिनिटं ठोंब्यासारखा उभा राहिला. पाचच्या आत पोचायचं तर एकच रस्ता होता.

अठरा वर्षांनी तो बोगद्याच्या तोंडाशी आला. आधी वास आला, टर्पेंटाइनचा. आत उजेड होता. खाली पांढऱ्या फरश्या, एका रेषेत, सांधे बारीक. वर दोन्ही भिंतींवर माणसं चालत होती. खऱ्या मापाची, सपाट रंगांनी भरलेली, अर्धी अलीकडून पलीकडे, अर्धी पलीकडून अलीकडे. प्रत्येकाच्या पायाखाली त्याचं काम आणि गल्ली लिहिलेली. शिंपी, चौथी गल्ली. बसचालक, पाण्याच्या टाकीमागे. भाऊने अक्षरं जवळ जाऊन पाहिली. ते आप्पांचं वळण होतं. प्रत्येक अक्षराला शेवटी किंचित वर उचललेलं टोक, जे आप्पांनी त्याला आठव्या वर्षी हात धरून शिकवलं होतं.

मध्यावर सात-आठ बायका उद्याच्या कार्यक्रमासाठी गात होत्या. तो जवळ आला तशी त्यांतल्या अलीकडच्या एकीने त्याला ओळखलं, शेजारणीला कोपर मारलं, आणि गाणं मधेच विरलं. त्यांच्या पलीकडे स्टुलावर बसून फरशीवाला ब्रश पुसत होता. गाणं का थांबलं म्हणून त्याने मान वर केली. मग तो उठून उभा राहिला.

"पत्रक पाहिलंत," तो म्हणाला.

"छापलं मी."

"मी उद्या येणार नाही. आप्पांना सकाळीच सांगितलंय. माझं चित्र केलेलं नाही, नाव कुठेच नाही. तुम्ही म्हणाल तर अक्षरंही…"

"मी तुला काही विचारलेलं नाही."

"नाही."

भाऊ पुढे जायला निघाला. घड्याळात साडेचार. चार पावलांवर त्याला डाव्या भिंतीवर एक बाई दिसली. पांढरे कपडे, खांद्याला पिशवी, पिशवीच्या बाजूचा खांदा जरा उतरलेला. बारा वर्षं तो त्या खांद्यामागून चालला होता. त्याच्या बायकोचं पाऊल पुढे पडलेलं होतं आणि पायाखालची जागा कोरी होती. बाकी सगळ्यांच्या खाली अक्षरं होती.

"हे का सोडलंस?" भाऊने मागे न वळता विचारलं.

"त्या कोण आहेत ते कळलं तेव्हा सोडलं. माझ्या हातचं नको होतं तिथे."

भाऊ भिंतीसमोर उभा राहिला. खडूची ओळ मारून ठेवलेली होती, वर एक, खाली एक. त्याने शेजारच्या शब्दांकडे पाहिलं.

"तुझी अक्षरं पांगतात," तो म्हणाला. "दोन अक्षरांत अंतर मोजून ठेवतोस. मोजायचं नसतं, डोळ्याने भरायचं असतं. आप्पांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं. आप्पा म्हणतात, ते ज्याला येतं त्याला येतं."

बायका हलल्या नव्हत्या. भाऊने हात पुढे केला आणि फरशीवाल्याला समजायला क्षण लागला. मग त्याने ब्रश दिला, उलटा, दांडी भाऊकडे करून, आणि निळ्या रंगाचा डबा खाली ठेवला.

मनगट अपेक्षेपेक्षा जड होतं. पहिली उभी रेघ काढतानाच ती थरथरली. भाऊने दात आवळले आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पण मग ब्रश फिरेना, म्हणून सोडलं. 'परिचारिका' हा पाच अक्षरांचा शब्द लिहायला त्याला वीस मिनिटं लागली. तिसऱ्या अक्षराशी हातात पेटका आला तेव्हा तो थांबला, कपाळ पुसलं, परत सुरू केलं. अंतरं बरोबर पडली होती. डोळा गेला नव्हता. पण वरची ओळ अशी लटपटत गेली होती की कुणा लहान पोराने गिरवावं.

तो मागे सरकला. साठ-सत्तर शब्दांच्या त्या सरळ रांगेत हे एकच वाकडं होतं आणि ते बोगद्याच्या तोंडापासून दिसलं असतं.

"वरून एक सरळ पट्टी मारली तर झाकेल," फरशीवाला हळूच म्हणाला. "पट्टी मी धरतो, तुम्ही मारा."

"हात लावायचा नाही."

"बरं."

"तू उद्या येणार. परवाही. लोक विचारतील हे असं वाकडं का, एवढ्या चांगल्या कामात. माझ्या बायकोने सांगायचं नाही. आप्पांनी सांगायचं नाही. तू सांगायचंस."

फरशीवाल्याच्या तोंडाचं पाणी पळालं. "सगळं?"

"सगळं. सळईसकट. पळून गेलास त्यासकट."

"माझी मुलं इथूनच शाळेत जातात," तो म्हणाला.

"माहीत नव्हतं मला. तरीही सांगायचंस."

"तुम्ही मला माफ…"

"नाही," भाऊ म्हणाला. "ते निघणार नाही माझ्याकडून. कधी निघेल असं वाटतही नाही. मी काय म्हणतोय ते कळलं का?"

फरशीवाल्याने मान हलवली. कळलं होतं.

बायकांतल्या एका म्हातारीला हे कुजबुजणं ऐकू आलं नव्हतं. ती पलीकडची होती, भाऊला ओळखत नव्हती, आणि गाण्याचा सराव उगाच थांबलाय याचा तिला कंटाळा आला होता. काठी टेकत ती पुढे आली, मान तिरकी करून तिने ओला शब्द वाचला आणि जिभेने च्च केलं.

"एवढं झकास चाललं होतं, आणि आमच्या सिस्टरबाईंच्याच पायाखाली असं वेडंवाकडं कुणी लिहिलं?" तिने थेट फरशीवाल्याला विचारलं. "तू लिहिलंस?"

वरून एक गाडी गेली. ती जाईपर्यंत कुणालाच बोलता आलं नाही. पाचला पाच मिनिटं कमी होती आणि अर्ज भाऊच्या खिशातच होता. भाऊ दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकला. पेटक्याने उजव्याची बोटं अजून आखडलेली होती. तो फरशीवाल्याकडे बघत राहिला.

"मी नाही लिहिलं, आजी," फरशीवाला म्हणाला. त्याने स्टूल तिच्यापुढे सरकवलं. "बसा. पण ते असं वाकडं आलं ते माझ्यामुळे."

म्हातारी बसली. बाकीच्या बायका जवळ आल्या. त्याने हात पँटला पुसले आणि सांगायला सुरुवात केली.